डावीकडं कललेली वेदी

बाबा, आपल्या चर्चची वेदीकडची बाजू पाडायचं घाटत होतं, आणि ते कायमचं थांबलंय की नुसतं पुढं ढकललंय हे मला अजून नक्की सांगता येत नाही. तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं. तुम्ही गेलात त्याला आता सव्वीस वर्षं झाली. ज्या माणसानं चाळीस वर्षं रोज पहाटे त्या दाराचं कुलूप उघडलं, घंटेचा दोर ओढला, पावसाळ्याआधी कौलं चाळली आणि भिंतीला कुठं पोपडा धरला की थापी घेऊन स्वतःच धावला, त्याला न विचारता त्याच्या चर्चचा निकाल लावणं मला बरं वाटेना. शिवाय तुमच्याकडून मला काही उत्तरं हवी होती. ती तुम्ही जिवंत असतानाही दिली नसतीत, तेव्हा आता तुम्ही नाही म्हणून फार बिघडलं असंही नाही.

गोष्ट अशी झाली. लोक बसतात ते लांबट दालन आणि वेदीचा भाग जिथं जुळतात तिथं, डाव्या कोपऱ्यात, वरून खालपर्यंत एक तडा आहे. तुमच्या वेळीही होता. नव्या फादरांनी दुरुस्तीसाठी पुण्याहून एक सल्लागार इंजिनिअर बोलावला. तो अर्धा दिवस फिरला, फोटो काढले आणि म्हणाला, पाया बसलाय, वेदीचा भाग दालनापासून सुटून दरवर्षी थोडा थोडा डावीकडं सरकतोय, एखाद्या दिवशी मिस्सा चालू असताना खाली येईल. तो पाडून सरळ रेषेत नवा बांधावा. हे ऐकून चर्चच्या पंचमंडळातल्या निम्म्या लोकांचे चेहरे पडायच्याऐवजी उजळले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना मोठा हॉल हवाय, लग्नाबिग्नाला देता येईल असा, आणि तो वेदीमागच्या जागेतच बसतो. इंजिनिअरनं लगेच बॅगेतून त्याचा नकाशाही काढून दाखवला. तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तडा शोधायला आलेल्या माणसाच्या बॅगेत हॉलचा नकाशा आधीपासून कसा असतो? मी म्हटलं, मला उन्हाळ्यापर्यंत मुदत द्या, मी तपासते. फादर म्हणाले, “मावशी, तुम्ही बघा आणि लेखी द्या. भाग हलत नाही असं तुम्ही म्हणालात तर आम्ही हात लावणार नाही.” फादर तिशीतले आहेत, गोड बोलतात. गोड बोलणाऱ्यांकडून मी लिहून घेते, तसं त्यांच्याकडूनही घेतलं.

तुमची पोरगी होती तशीच राहिलीय, हे यावरून कळलं असेलच. डिप्लोमा झाल्यावर तीस वर्षं मी चिकलठाण्याच्या बाजूला साइटवर काढली, आधी कारखान्यांच्या शेड, मग फ्लॅटच्या इमारती. दुसऱ्यानं केलेलं काम तपासायचं, हेच माझं काम. ठेकेदार बारा मिलिमीटरची सळई सांगायचा, मी मोजायचे तर दहाची निघायची. अशी तीस वर्षं गेली की माणूस घरी आल्यावर वेगळा होत नाही. भाजीवाल्याच्या काट्याकडं मी टक लावून बघते, एका डॉक्टरनं सांगितलेलं दुसऱ्याला विचारते, आणि जावई “सगळं मजेत” म्हणाला की मुलीला वेगळा फोन लावते. मुलगी म्हणते, आई, तुझ्याशी बोलायचं म्हणजे कागदपत्रं घेऊन बसावं लागतं. म्हणू दे. हे माझ्यात आकाशातून पडलेलं नाही. तुम्ही थापीच्या मुठीनं भिंत वाजवत, कान देत चर्चभर फिरायचात आणि मी मागं मागं. गिलावा आतून सुटला असेल तर आवाज बद्द येतो. “वरून समद्या भिती सारख्याच दिसत्यात,” तुम्ही म्हणायचात, “हात लावल्याबिगर कुनाचं खरं धरू नको.” मी धरलं नाही. तुमचंही.

एका फ्रेंच फादरनं हे चर्च बांधलं, एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढचं कागदावर आहे ते फार थोडं आणि तोंडी आहे ते फार जास्त. बाप्तिस्म्यांची जुनी वही आहे, फ्रेंचमध्ये, अर्धी वाळवीनं खाल्लेली. बाकी चर्च स्वतः काय सांगेल तेच. या वेळी मी ते पहिल्यांदा पुरतं मापलं. भिंती काळ्या दगडाच्या, अडीच फुटी, चुन्यात बांधलेल्या; चुना आवारातच बैलाच्या दगडी घाणीवर मळलेला, त्यात बेलफळ आणि गूळ. खिडक्या वर निमुळत्या होत गेलेल्या, प्रार्थनेला जोडलेल्या हातांसारख्या. बाहेरून भिंतींना दगडी टेकू. छप्पर इतकं उभं उतरतं की त्यावर कबूतरसुद्धा पाय रोवून बसतं. असं छप्पर बर्फ घसरून पडावा म्हणून करतात, असं मी वाचलं. आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीत. म्हणजे त्या फादरनं आपल्या गावचं चर्च आठवून आठवून इथं काढलं आणि इथल्या उन्हाचा विचार करायचा राहून गेला. मग कुणा शहाण्या माणसानं छताखाली दोन्ही टोकांना दगडी जाळ्या ठेवून गरम हवेला वाट करून दिली. त्या जाळ्या फ्रेंच नाहीत, तशा आपल्याकडच्या जुन्या दर्ग्यांना असतात. तो शहाणा माणूस म्हणजे तुमचा आजा, फादरचा हेडमिस्त्री, असं तुम्ही सांगायचात. एवढी एकच गोष्ट मी तुमच्या शब्दावर धरून चालते, कारण ती तपासायला काहीच शिल्लक नाही.

आणि मग वेदी. दारात उभं राहून सरळ समोर पाहिलं तर दालन एकीकडं बघतंय आणि वेदी दुसरीकडं. अगदी शेवटच्या भिंतीपाशी फरक पावणेदोन फुटांचा. पाहुणे आले की तुम्ही त्यांना दारातल्या एका फरशीवर उभं करायचात, समोरच्या क्रुसाकडं बोट दाखवायचात आणि आवाज खाली आणून सांगायचात, “येसूनं जीव सोडला तवा मान ह्या अंगाला पडली. म्हनून फादरनं वेदी बी ह्याच अंगाला कलती केली. फ्रान्सात लई जुन्या चर्चांत असंच हाय.” पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे, सातवीत जाईपर्यंत. सातवीत भूमिती लागली आणि मी एका दुपारी शिवणाची दोरी आणि फूटपट्टी घेऊन, खांबापासून भिंतीपर्यंत, दोन्ही बाजूंनी मोजून काढलं.

त्याच आठवड्यात फ्रान्सहून दोन सिस्टर आल्या होत्या. तुम्ही त्यांना फरशीवर उभं केलंत, येसूची मान सांगितलीत, तेव्हाचे फादर त्यांच्या भाषेत सांगत होते, आणि मी मध्येच म्हटलं, “नाही. मी मोजलंय. वेदी सरकलीये.” फादर हसले. मोठ्या सिस्टरनं विचारलं, मुलगी काय म्हणाली? तुम्ही मला दंडाला धरून वेदीशेजारच्या वस्त्रखोलीत नेलंत, जिथं मिस्साचे झगे ठेवायचं सागाचं मोठं कपाट आहे तिथं, आणि एक ठेवून दिलीत. “देवाच्या घराला दोऱ्या लावती व्हय? तोंड लई चालाय लागलंय तुझं.” गाल दुखला, पण ते मी विसरले असते. लक्षात राहिलं ते तुमचं बघणं. रागावलेला माणूस समोरच्याकडं बघतो, तुम्ही दाराकडं बघत होतात, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. तुम्ही घाबरला होतात. त्यानंतर आठ दिवस वस्त्रखोलीला आतून कडी असायची आणि मी दार वाजवलं की “जा घरी” एवढंच ऐकू यायचं. बारा वर्षांच्या मुलीनं यातून काय समजायचं? मी समजले की इथं काहीतरी काळंबेरं आहे, आणि माझ्या बापाला ते माहीत आहे.

पुढं डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा तुम्ही मला आजाचा पितळी ओळंबा दिलात. कापडात गुंडाळलेला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. म्हणालात, “ह्यो कदी खोटं बोलत नाय.” आई रडली. मी पाया पडले आणि मनात म्हटलं, हे माझं तोंड बंद ठेवायला दिलंय. खरं सांगते, तेव्हा मला असंच वाटलं. शिवाय ओळंबा भिंत उभी सरळ आहे की नाही एवढंच सांगतो. भिंत ओळंब्यात असूनही चुकीच्या जागी उभी असू शकते, आणि त्याबद्दल तो काही बोलत नाही. अगदी तुमच्यासारखा, असंही मनात आलं होतं.

तर या वेळी मी ठरवलं की मुळापर्यंत जायचं. एसटीनं कन्नडला गेले, तिथून जीपनं आत्याकडं. आत्या नव्वदीच्या पुढं आहे, एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्या कानानं तिला हवं तेवढंच येतं. तिला विचारलं, वेदी वाकडी का?

“तुझ्या बापानं सांगितलं नाय?”

“येसूची मान सांगितली.”

“ते भायेरच्यांना सांगायचं असतंय. घरातलं येगळं हाय.” मग तिनं माझ्याकडून लुगड्यावर हात ठेवून शपथ घेतली की हसणार नाही, आणि सांगितलं. “आज्याला बाप्तिस्मा हून वरीस बी झालं नव्हतं. फादरनं बजावलं व्हतं, आता शिमगा-बिमगा नाय. दालनाचा पाया आखून झाला, पर वेदीच्या जागी चिंचंचं झाड व्हतं, त्याच्या मुळ्या काडता काडता तिथल्या आखणीच्या खुंट्या बी उपटल्या. तेवढ्यात फादर तापानं पडला. आन् आज्या गडी घिऊन गेला शिमग्याला. बारा-तेरा दिस गावात ढोल वाजवीत बसला.”

“आणि मग?”

“मग काय. आल्यावर दुसऱ्या दिशी सकाळी सूर्व्या उगवला तिकडं सूत धरलं आन् पाया खांदला. मिस्त्री लोकांत तसंच करत्यात, उगवतीला सूत. दालनाचं बी तसंच धरलं व्हतं.”

तुम्हाला हे सांगायला नको, पण सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही. शिमग्याच्या दिवसांत तर तो भराभर डावीकडं, म्हणजे उत्तरेला, सरकतो. आजानं जन्मभर घरं आणि देवळं बांधली. तिथं एका सकाळी दोरी ताणून सूत धरलं की पुरा पाया त्याच सुतात निघायचा. मध्ये तेरा दिवसांची सुट्टी घेऊन उरलेला पाया काढायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. म्हणून त्याच्या लक्षात आलं नाही. आत्या म्हणाली, फादर बरा होऊन उठला तोवर भिंती कंबरेएवढ्या झाल्या होत्या. तो दारात उभा राहून वेदीकडं बघू लागला. आजानं फेटा काढून हातात धरला. “फादर म्हनला, येसूची मान बी अशीच पडली व्हती. आन् गेला आत. तू कुठं गेला व्हतास, असं त्यानं कदीच इचारलं नाय. म्हनून आज्यानं समद्या लेकरांना सांगून ठिवलं, जलमभर हेच सांगायचं.”

आत्या गोष्टीत मीठमसाला घालते हे मला ठाऊक आहे. म्हणून परत आल्यावर, होळीच्या चार दिवस आधी, मी पहाटे दारावरच्या घंटेच्या मनोऱ्यावर चढले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. वरून दालनाचा आणि वेदीचा, दोन्ही छपरांचे कणे दिसतात. त्या दिवशी सूर्य बरोबर दालनाच्या कण्याच्या नाकासमोर उगवला. मग मी रोज चढले. तेराव्या दिवशी तो वेदीच्या कण्यावर आला. मी तिथंच पायरीवर बसले. इतकी वर्षं ज्याला मी लपवाछपवी म्हणत होते, ती एका माणसानं दुसऱ्याची घेतलेली बाजू होती. म्हणजे आत्याचं खरं असेल तर. फादरला खरंच येसूची मान आठवली की त्याच्या गावचं चर्चही असंच वाकडं होतं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि त्या दोन सिस्टर “हो, आमच्याकडं असंच असतं” म्हणाल्या होत्या ते माहीत होतं म्हणून की पाहुणचाराला जागून, तेही नाही.

मी हे सगळं पुण्याच्या त्या इंजिनिअरला फोनवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, पहिल्यापासून वाकडी होती हे मान्य करू. पण आता सरकत नाही, हे कशावरून?” प्रश्न चोख होता. त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, म्हणून आणखी राग आला. शेवटचा उपाय म्हणजे तडा खालपर्यंत तपासणं, आणि तो खाली वस्त्रखोलीतल्या कपाटामागं जातो. दोन गडी बोलावले. तुमच्यानंतर ते कपाट कुणी हलवलं नसावं, मागं धुळीचा थर होता. धूळ पुसली आणि तड्यावर, माझ्या छातीच्या उंचीवर, काचेची एक पट्टी दिसली. खिडकीच्या तावदानाची, वीतभर. एक टोक तड्याच्या अलीकडं, दुसरं पलीकडं, दोन्हीकडं सिमेंटचा लपका. भिंत केसभर जरी हलली तरी अशी काच आधी तुटते. मिस्त्री लोकांची ही जुनी रीत मी साइटवर शेकडो वेळा वापरलीय. काच अखंड होती.

अलीकडच्या लपक्यावर, सिमेंट ओलं असताना, खिळ्यानं तारीख कोरलेली होती. तुम्ही मला मारलंत त्याच आठवड्यातली. त्याखाली तुमच्या त्या चौथीपर्यंतच्या अक्षरात: पोरगी म्हणते सरकली.

म्हणजे तुम्ही मला मारलंत, आणि मग कडी लावून कपाट सरकवलंत, आणि माझं खरं असेल तर काय, म्हणून काच लावलीत. येसूच्या मानेवर किंवा घरातल्या गोष्टीवर विसंबला नाहीत, बारा वर्षांच्या पोरीच्या दोरीवर विसंबलात. मला हे कधी सांगितलं का नाहीत? एकदा जरी म्हणाला असतात, “बघितलं गं, सरकत नाय,” तरी मी इतकी वर्षं तुमच्या प्रत्येक वाक्याला आतून वाजवून बघत बसले नसते. मी त्या धुळीत बसून रडले, बाबा, आणि रडताना पण दार लावलंय ना ते बघितलं.

सभा गेल्या रविवारी झाली. मी लेखी दिलं की काच अखंड आढळली, तेव्हा पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ हा भाग हललेला नाही. इंजिनिअरनं काचेचा फोटो मागितला. मी म्हटलं, काढायच्या आधीच कपाट परत सरकवताना धक्का लागून ती फुटली. थोडी कुजबुज झाली. फुटलेली काच म्हणजे उलटाच पुरावा, हे त्यालाही कळत होतं. पण ज्याला हॉल सगळ्यात जास्त हवा आहे तो पंचच उठून म्हणाला, “ही बाई सख्ख्या जावयावर इश्वास ठेवत नाय. ती म्हनती अखंड व्हती, तर अखंडच व्हती.” लोक हसले आणि मान्य झालं. तड्यावर वर्षभर मोजपट्टी लावायची, तोवर कुणी हात लावायचा नाही. फादरांनी ते लिहून दिलं, मी न मागता.

हे पत्र त्याच कपाटामागं ठेवावं असं मनात आलं होतं. पण मोजपट्टी वाचायला दर महिन्याला कुणीतरी तिथं जाणार, आणि तो वाचल्याशिवाय राहील याची मला खात्री नाही. म्हणून ते माझ्याजवळच राहील. कारण सभेत सांगितलेलं एक वाक्य खोटं आहे, आणि त्या दोन गड्यांच्या माथी मी ते विनाकारण मारलंय. काच कपाटानं फुटली नाही. ते दोघं चहाला गेले होते. काच अखंड दिसतेय खरी, पण एका बाजूनं सुटली असेल तर तिच्या अखंड असण्याला काही अर्थ नाही, असं माझ्या डोक्यात आलं. तुम्ही ती नीट बसवली असेल यावर माझा विश्वास बसेना. मी हातोडीच्या दांड्यानं ती वाजवून पाहिली. दोन्हीकडून घट्ट बसलेली होती, बाबा, म्हणूनच फुटली.